‘तू होडी पाहून राहिली का कपाट?’

प्रिय काका,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "उद्या वारा किती आहे?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. चार लोकांच्या देखत तुम्हाला पळता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी ओळख. मी मालवणची. उंची पाच फूट, वजन 47 किलो. सॅन डिएगोत येऊन नऊ वर्षं झाली. लहानपणी आजोबांबरोबर खडपात बसून गरवायचे, एवढाच माझा मासे धरण्याचा अनुभव. काका नागपूरचे. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईत नोकरी लागल्यावर. आता अडुसष्ट वर्षांचे आहेत, उंचीला माझ्याहून तीन बोटं जास्त असतील, आणि गेली कित्येक वर्षं सॅन डिएगोतल्याच ला होयाच्या समुद्रात एकटे कयाक (वल्ह्यानं चालवायची छोटी, अरुंद होडी) घेऊन गळ टाकायला जातात. मालवणच्या पोरीला दर्या शिकवला तो नागपूरकरानं. माहेरी हे कळलं तर हसतील. हसू देत.

गणपतीच्या जेवणाच्या रांगेत मी तुम्हाला फोनवर एका कयाकचा फोटो दाखवला होता, आठवतंय? 34 इंच रुंद, आरामखुर्चीसारखी उंच बैठक, गळाच्या काठ्या खोचायला आठ जागा, मासे दाखवणाऱ्या यंत्राला वेगळा कप्पा. पुढच्या आठवड्यात पैसे भरणार होते. तुम्ही चष्मा वर केलात, फोटो नीट पाहिलात आणि म्हणालात, "तू होडी पाहून राहिली का कपाट?"

तेव्हा राग आला होता, खरं सांगते. कारण त्याआधी मी दोन दुकानं पालथी घातली होती. पहिल्या दुकानातल्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तळ्यात फिरायची नऊ फुटी, छान फिरोजी रंगाची होडी पुढे केली. समुद्रात जायचंय म्हटल्यावर तो हसला. दुसऱ्यानं हे कपाट दाखवलं. "एकदम स्थिर, उभं राहून मासे धरता येतील." एकानं मला लहान मूल समजलं, दुसऱ्यानं सहा फुटी पुरुष. 47 किलोच्या बाईला खुल्या समुद्रात जायचंय आणि परतही यायचंय, हे दोघांच्याही हिशेबात नव्हतं.

तुम्ही मला दोन महिने खरेदीबंदी केलीत. दर रविवारी मिशन बेच्या शांत पाण्यावर, भाड्याच्या होड्या. तिथल्या तीन गोष्टींसाठी हे आभार आहेत.

पहिला रविवार तर आपण पाण्यात उतरलोच नाही. "गाडीवर चढवून दाखव," म्हणालात. त्या रुंद होडीवर सगळा साज चढवला की वजन शंभर पौंडांच्या पुढे जातं. माझं वजन 104 पौंड. म्हणजे मला दुसरी मी उचलून गाडीच्या टपावर ठेवायची होती, तीही पहाटे, अंधारात, एकटीनं. तासभर झटापट झाली, टपाला एक पोचा आला (नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, आता कळेल). मग तुम्ही हलकी होडी घेऊन युक्ती दाखवलीत. आधी नाक मागच्या दांडीवर टेकवायचं, खाली जुना टॉवेल घालायचा, मग मागे जाऊन शेपूट उचलायची आणि पुढे ढकलायची. एका वेळी अर्धंच वजन हातावर येतं. इतकी साधी गोष्ट दोन्ही दुकानांत कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या रविवारी वल्हवलं. रुंद होडीच्या काठापलीकडे पाण्यापर्यंत माझे हात पोचेनात. कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी वर, आणि दर फटक्याला बोटांची पेरं काठावर आपटायची. दुकानदाराचा उपाय होता लांब वल्हं, 240 सेंटिमीटरचं. त्यानं पेरं वाचली, पण अर्ध्या तासात खांदे गेले. अकराच्या सुमाराला वारा सुटला तेव्हा खरी मजा. मी पूर्वेला जायचं म्हणते, होडी आपलं नाक वाऱ्यात वळवून उभी. तुम्ही शेजारून शांतपणे समजावलंत की ही होडी दोनशे किलोंचा भार गृहीत धरून बनवलेली आहे. माझ्या वजनानं ती पाण्यात बसतच नाही, वर तरंगते, आणि जितकी वर तितका वारा धरते. आमच्याकडे रिकाम्या होडीत दगड भरतात ते याचसाठी, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. "मग दगड भरू?" मी विचारलं. "भर ना. मग ते पण तूच वल्हव."

तिसरा रविवार मी विसरणार नाही. "आता पड," म्हणालात. पडले. होडी उलटी झाली. रुंद होडी सहज उलटत नाही हे खरं, पण एकदा उलटली की माझ्यासारखीनं ती सुलटी करायची कशी? हात पलीकडच्या काठापर्यंत पोचतच नव्हते. शेवटी पोटावर चढून, पलीकडचा दोर धरून, सगळं अंग मागे टाकलं तेव्हा ती वळली. मग वर चढायचं. काठ इतका उंच की पाय मारून मारून दम लागला. सात वेळा घसरले. तुम्ही मदतीला हात पुढे केला नाहीत. दहा फुटांवर बसून केळं खात होतात. त्या क्षणी मी मनात काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

मग तुमची अरुंद होडी दिलीत. पाण्यात आडवं व्हायचं, पाय मारत पोट वर घ्यायचं, कूस वळायची, बूड बैठकीत, पाय सगळ्यात शेवटी. दुसऱ्या प्रयत्नात जमलं. त्याच दिवशी लाइफ जॅकेटचीही परीक्षा घेतलीत. खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढलंत तर माझं जॅकेट कानापर्यंत आलं. पुरुषांचं मध्यम माप होतं, दुकानात "सगळ्यांना बसतं" म्हणून दिलेलं. पाण्यात ते मला नाही, मीच त्याला सांभाळलं असतं.

शेवटी जी होडी आली ती तुम्हीच शोधलीत. एका गृहस्थांच्या गॅरेजमध्ये टांगलेली ओशन कयाक कंपनीची जुनी स्कपर प्रो, पावणेपंधरा फूट लांब, फक्त 26 इंच रुंद, मागे सामानाला खळगा असलेली. हे मॉडेल आता बनत नाही. मला रंग आवडला होता. तुम्ही मात्र पुढचं झाकण उघडून आत विजेरी ठेवलीत, गॅरेजचा दिवा घालवलात आणि बाहेरून कुठे उजेड फटीतून येतो का ते पाहिलंत. मग पाणी निथळायच्या भोकांच्या कडा बोटानं चाचपल्यात, कारण तडे तिथेच जातात. मागचा तळ पाहिलात, वाळूवरून फरफटत नेऊन झिजलाय का. पाय टेकायचे आधार सगळ्यात जवळच्या खाचेत आणून मला बसवलंत. माझे गुडघे किंचित वाकलेले राहिले तेव्हा कुठे किमतीची गोष्ट काढलीत. वल्हं 220 सेंटिमीटरचं, बारीक दांड्याचं, माझ्या मुठीत पूर्ण मावणारं.

कुणी माझं वाचून हीच होडी शोधायला निघेल म्हणून हेही लिहिते. पहिले चार दिवस ती इतकी डगमगते की रडू येतं. तिच्यात उभं राहता येत नाही. बूड कायम ओलं. गळाच्या काठ्या दोनच नेते. जास्त सामान असेल तर घरीच ठेवावं लागतं. मला हे चालतं. सहा फुटी, नव्वद किलोच्या माणसाला ते कपाटच बरं असेल, त्यात कपाटाचा दोष नाही.

आणि मग ला होया शोअर्सचा किनारा. पहाटे धुकं, पाणी असं गार की मालवणच्या पाण्याची आठवण येऊन डोळे भरावेत. काठ्या आडव्या करून बांधल्या, तुम्ही लाटा मोजायला लावल्यात. होडी आणि किनारा यांच्यामध्ये कधी उभं राहायचं नाही, लाट होडीला तुमच्या गुडघ्यांवर आणून घालते, हे तुम्ही इतक्या वेळा बजावलंत की मी झोपेत म्हणत असेन. किनाऱ्यालगतचं मतलाहुआयल राखीव क्षेत्र 2012 पासून मासेमारीला बंद आहे, ते पार होईपर्यंत गळ पाण्यात नाही. पुढे केल्पचं, म्हणजे उंच समुद्री शेवाळाचं जंगल. तिथे तुम्ही छोट्या गळांची माळ सोडून मॅकरल धरलेत आणि एक माझ्या गळाला लावायला दिलात, जिवंत. काका, तो आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ! बांगडा आमिषाला लावायचा म्हणजे मालवणी माणसाच्या जिवावर येतं. दोन तर मी चोरून डब्यात टाकले, संध्याकाळी तिखलं केलं.

ज्या मोठ्या माशासाठी गेलो तो येलोटेल त्या दिवशी तुम्हालाही मिळाला नाही. मला एक कॅलिको बास मासा लागला. पट्टीवर ठेवला तर साडेतेरा इंच, आणि नियम किमान चौदाचा. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही वाऱ्याकडे पाहत होतात. सोडून दिला.

परतताना वारा आडवा होता. होडीनं एकदा नाक वळवायला सुरुवात केली, मी एका बाजूला दोन फटके जास्त मारले, ती सरळ झाली. तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत. तुम्हाला खात्री होती की माझ्यावर भरवसा दाखवत होतात, ते मी विचारलं नाही.

तुमची निळी बांधायची पट्टी अजून माझ्याच गाडीत आहे. शनिवारी आणते. पहाटे पाचला, नेहमीच्या जागी. घावणे माझ्याकडून, चहाचा थर्मास तुमचा. आणि हो, उद्या-परवा वारा कमी आहे, मी पाहिलंय.

तुमची,
मालवणची पोर