बोकातली गॅलरी

बुएनोस आयरेस,
रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, रागावला असशीलच. तब्येत ठीक, गुडघा अधूनमधून बोलतो. आज जे घडलं ते घरी फोनवर सांगता येईना, म्हणून लिहायला बसलोय.

दिवसभर ला बोकात भटकलो. रिआचुएलो नदीच्या मुखाशी जुनं बंदर आणि त्याला लागून जिनोआहून आलेल्या इटालियन कामगारांची वस्ती. लाकडाची घरं, त्यांवर पन्हळी पत्रे. जहाजं रंगवून उरलेला रंग हाताला लागेल तसा आणायचा आणि भिंतीला फासायचा. एक डबा संपला की पुढची भिंत दुसऱ्या रंगाची. या घरांना 'कॉनव्हेंतिशो' म्हणतात. मधे चौक, एका खोलीत एक बिऱ्हाड, मोरी-संडास सगळ्यांत मिळून. अरे, चाळच ती! 1907 साली मालकांनी भाडं वाढवलं, तेव्हा सगळ्या शहरातल्या भाडेकरूंनी संप केला. बायकापोरं झाडू घेऊन रस्त्यावर उतरली, मालकांना झाडून काढायला. तुझी आई असती तर मोर्च्याच्या पुढे तीच!

कामिनीतो ही तिथली प्रसिद्ध गल्ली. रेल्वेचा फाटा बंद पडून ओस झालेली ती जागा बेनितो किन्केला मार्टिन या चित्रकाराने शेजाऱ्यांना घेऊन रंगवून काढली. 1959 पासून ते उघड्यावरचं संग्रहालय आहे. या माणसाने लहानपणीची पहिली काही वर्षं अनाथालयात काढली, पोरवयात बंदरावर कोळसा वाहिला आणि पुढे चित्रांच्या पैशातून वस्तीतल्या मुलांच्या शाळेसाठी जागा दिली. त्याच्या चित्रांतले वाकलेले हमाल बघताना मला तुझे बाबा आठवले.

गल्लीत गर्दी फार, म्हणून दोन रस्ते सोडून आत गेलो. तिथे रंग उडालेले, पत्रे गंजलेले. फुटपाथ कमरेएवढे उंच, कारण आग्नेयेचा वारा सुटला की नदीचं पाणी उलटं वस्तीत शिरायचं. एका गॅलरीत एक बाई चादर वाळत घालत होती. मागे निळा पत्रा, पुढे पिवळी चादर. मी फोटो काढला. तिने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. ओली चादर तशीच उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं.

बाळ्या, तो नळावरचा गोरा आठवतो? माझी आई कपडे धूत होती, त्याने कॅमेरा रोखला आणि तू भरलेली बादली त्याच्या अंगावर ओतलीस. मी तुझ्यावरच उखडलो, "पाहुणा होता, काय बिघडलं?" आठ दिवस बोललो नाही आपण. त्यानंतर आई कितीतरी दिवस पहाटे चारला, अंधारात नळावर जायची. मला वाटायचं, गर्दी टाळायला. आज त्या दारासमोर उभा होतो आणि एकदम कळलं. आईला आता विचारताही येत नाही. तुला तेव्हाच कसं कळलं रे? तूही दहाच वर्षांचा होतास. ते दार डोळ्यांसमोरून हलत नाही. खालून हाक मारून माफी मागावी म्हटलं, पण भाषा येत नाही, आणि परत एक परका दारात उभा राहिलेला तिला कशाला हवा?

धाकटीचं कॉलेज सुरू झालं का? दुकानाच्या भाड्याचं काय ठरलं ते कळव. वहिनींना नमस्कार.

फोटो अजून फोनमध्येच आहे. खरं सांगतो, फार सुंदर आलाय. पुसायला तीनदा बोट नेलं, पुसवला नाही. घरी आलो की फोन तुझ्या हातात देतो, तूच पूस.

तुझा,
नंदू