फॉर्म ‘बी’ आहे; अलार्म वाजतो का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला, म्हणजेच फॉर्म ‘बी’, सादर न करणाऱ्या गृहनिर्माण संस्थांना महापालिकेचा अग्निशमन विभाग नोटिसा बजावणार आणि वेळ पडल्यास त्यांचे पाणी व वीज तोडणार, अशी बातमी आपल्या कालच्या अंकात पहिल्या पानावर आहे. कायद्यात तशी तरतूद आहे आणि ती वापरण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. माझी हरकत वेगळी आहे. ज्या संस्थांनी फॉर्म ‘बी’ वेळेवर भरला त्या सुरक्षित आहेत, असे आपल्या बातमीत गृहीत धरले आहे आणि बातमीसोबतच्या चौकटीत अधिकाऱ्यांनीही तेच गृहीत धरलेले दिसते. आमची संस्था या सुरक्षित यादीत अगदी वरच्या क्रमांकावर असावी, कारण आमचा फॉर्म कधीही एक दिवस उशिरा गेलेला नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असून, ती चालू असल्याचा दाखला दर जानेवारीत व जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. आमच्या संस्थेचा जुलैचा दाखला आला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, इमारतीच्या इलेक्ट्रिक डक्टमध्ये केबलने पेट घेतला. वरच्या तीन-चार मजल्यांच्या लॉबीत धूर भरला, तरी अलार्मचा एकही भोंगा, म्हणजे हूटर, वाजला नाही. आग लागल्याची वर्दी आम्हाला मिळाली ती संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि तीही ‘कुणाकडे काही जळतंय का?’ अशा स्वरूपात. त्यावर एका सभासदाने फोडणी करपली असेल असे उत्तर दिले, दुसऱ्याने हसरा चेहरा टाकला आणि तोपर्यंत सातव्या मजल्यावरच्या एक आजी, कोणी सांगायलाच नसल्यामुळे, लिफ्टने खाली निघालेल्या होत्या. सुदैवाने आमच्या इलेक्ट्रिशियनने मेन स्विच पाडला, एका तरुण सभासदाने अग्निशामक सिलिंडर वापरला आणि प्रकरण काळ्या झालेल्या भिंतींवर निभावले.

त्यानंतर आम्ही काही सभासदांनी आगीच्या अलार्मचे नियंत्रण करणारे पॅनल पाहिले. ते वॉचमनच्या केबिनमध्ये आहे आणि त्यावर बँकेचे कॅलेंडर टांगलेले असते. कॅलेंडर उचलल्यावर खाली ‘फॉल्ट’चा पिवळा दिवा जळत होता. त्या दोषाची सूचना देणाऱ्या बझरची भोके इलेक्ट्रिकल टेपने बंद केलेली होती, आणि झाकण उघडल्यावर आतली बॅटरी इतकी फुगलेली निघाली की तिचे कवच एका बाजूने तडकले होते. हूटरच्या वायरी टर्मिनलमधून काढून, टोके व्यवस्थित टेप गुंडाळून, आत दुमडून ठेवलेल्या होत्या. काम नीटनेटके होते, हे मान्य केले पाहिजे. वॉचमनला विचारले असता त्याने ‘तो दिवा कायमच असतो’ असे सांगितले. लॉबीतील स्मोक डिटेक्टरांची पाहणी केली तेव्हा दोन मजल्यांवर, बिल्डरने रंगकामाच्या वेळी धुळीपासून बचावासाठी बसवलेली प्लास्टिकची टोपणे अजूनही डिटेक्टरवर होती. म्हणजे इमारतीचा ताबा मिळाल्यापासूनच्या प्रत्येक जानेवारीत आणि प्रत्येक जुलैत हे डिटेक्टर टोपणांसकट कार्यक्षम ठरलेले आहेत. धूर आत शिरूच शकत नाही असे डिटेक्टर तपासण्याची पद्धत कोणती, हे संबंधित एजन्सीने एकदा जाहीर केले तर इतर अभियंत्यांनाही मार्गदर्शन होईल.

एजन्सीच्या माणसाचे म्हणणे असे की हूटर कमिटीच्याच सांगण्यावरून बंद केले. हे खोटे नाही. एका फ्लॅटमध्ये फरशी बदलण्याचे काम चालू असताना धुळीमुळे अलार्म मध्यरात्री वारंवार वाजू लागला होता, सभासद चिडले आणि कमिटीने तो ‘तात्पुरता’ बंद करण्यास सांगितले. स्मोक डिटेक्टर धूळ, वाफ, उदबत्तीचा धूर आणि आत शिरलेल्या किड्यांमुळेही वाजतो, हे या क्षेत्रातल्या कोणालाही नवीन नाही. त्यासाठी डिटेक्टर ठरावीक काळाने साफ करायचे असतात, जिथे वाफ किंवा स्वयंपाकाचा धूर येतो तिथे उष्णतेवर चालणारा डिटेक्टर लावायचा असतो आणि दुरुस्तीच्या काळात तेवढाच झोन (यंत्रणेचा त्या भागापुरता हिस्सा) बंद ठेवून काम संपताच तो पुन्हा सुरू करायचा असतो. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस २१८९ हे मानक नेमके अशा यंत्रणांची निवड, उभारणी व देखभाल यांसाठीच आहे. पण साफसफाईला शिडी आणि माणूस लागतो, वायर काढायला पेचकस पुरतो. कमिटीचा दोष मी झाकू इच्छित नाही. परंतु वायरी काढणाऱ्या एजन्सीनेच यंत्रणा चालू असल्याच्या दाखल्यावर सही करावी, याला निष्काळजीपणा हा शब्द अपुरा आहे.

हे सर्व छायाचित्रांसह अग्निशमन विभागाला लेखी कळवले. बऱ्याच काळाने आलेले उत्तर असे : ‘आपल्या संस्थेचा फॉर्म बी या कार्यालयास मुदतीत प्राप्त झालेला असून तो परिपूर्ण आहे. सबब प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ मी फॉर्मबद्दल तक्रार केलेलीच नव्हती. मी हूटरबद्दल केली होती.

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी आग लागून १० बालके दगावली, तेव्हा राज्यभरातील रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोविडचे रुग्ण मृत्युमुखी पडले. मधल्या दहा महिन्यांत अहवालांच्या फायली निश्चितच जाड झाल्या असतील. निवासी इमारतींच्या बाबतीत आपण त्याच वाटेने चाललो आहोत, कारण ज्या एजन्सीला देखभालीच्या कराराचे पैसे द्यायचे तिच्याकडूनच दाखलाही घ्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. या एजन्सींना परवाना देणारे कार्यालय महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संचालकांचे. त्या कार्यालयाकडे खोट्या दाखल्याची तक्रार करावी, असा सल्ला मला विभागातील एका कर्मचाऱ्याने खासगीत दिला. म्हणजे यंत्रणा तपासायची आम्ही, एजन्सीवर लक्ष ठेवायचे आम्ही आणि नोटिसाही घ्यायच्या आम्हीच.

माझी मागणी मोठी नाही. दाखला देण्यापूर्वी एजन्सीने प्रत्येक झोनमधील किमान एक डिटेक्टर आणि एक कॉल पॉइंट (हाताने दाबून अलार्म वाजवण्याचे बटण), कमिटीचा पदाधिकारी व कमिटीबाहेरचा एक रहिवासी यांच्यासमक्ष वाजवून दाखवावा, मुख्य वीजपुरवठा बंद करून बॅटरीवरही वाजवावा आणि या चाचणीची वेळ व दोघांच्या सह्या फॉर्मसोबत जोडाव्यात, अशी अट मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना घालता आली पाहिजे. प्रत्येक डिटेक्टर स्वतंत्रपणे ओळखणाऱ्या नव्या ‘ॲड्रेसेबल’ पॅनलमध्ये कोणता डिटेक्टर केव्हा वाजला, कोणता केव्हा बंद केला, याची तारीखवार नोंद आपोआप होते. ती नोंद मागवली तर कोणाची वायर कधी निघाली हे कार्यालयात बसूनही कळेल. आणि दर सहामाहीत काही इमारती न कळवता निवडून विभागाच्या माणसाने स्वतः जाऊन कॉल पॉइंट दाबावा. आपल्या वार्ताहरांनीही नोटिसांची संख्या छापताना, विभागाने प्रत्यक्ष जाऊन किती इमारतींत अलार्म वाजवून पाहिला, हा आकडा विचारून घ्यावा. नकारात्मक उत्तर आल्यास तेही छापावे.

लिहायला बसलोच आहे तर सुरक्षा अलार्मबद्दलही लिहितो, कारण त्यांना तर फॉर्म ‘बी’ही नाही. आमच्यासमोरच्या सराफी दुकानाचा चोरीविरोधी हूटर मागच्या महिन्यात मध्यरात्री सुरू झाला तो उजाडेपर्यंत चालू होता. पोलीस आले, शटर शाबूत असल्याची खात्री करून गेले. मालक परगावी होते. पाटीवरचा दूरध्वनी क्रमांक लावून पाहिला, तर तो बंद दुकानाच्या आतच वाजत असल्याचे हूटर मधूनमधून थांबे तेव्हा ऐकू येत होते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. परंतु कुलूपबंद दुकानातल्या हूटरला ती कोणी वाचून दाखवायची, हा प्रश्न उरतो. इंग्लंड व वेल्समध्ये २००५ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना असा अधिकार दिला आहे की, ठरवून दिलेल्या भागात अलार्म बसवणाऱ्याने दुकानाची किंवा घराची चावी ज्याच्याकडे असेल अशा व्यक्तीचे नाव व संपर्क आधी कळवून ठेवावा. अमेरिकेतील अनेक शहरांत अलार्मची नोंदणी करावी लागते आणि तो वारंवार विनाकारण वाजल्यास दंड होतो. आपल्याकडे दुकानाच्या पाटीच्या आकारापासून भाषेपर्यंत सारे तपासले जाते; त्यासोबत चावीवाल्याचा एक मोबाइल क्रमांक पोलीस ठाण्यात नोंदवून घेणे महापालिकेला व पोलिसांना जड जाऊ नये. शिवाय हूटर ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय बहुतेक पॅनलमध्ये असतेच, ती फक्त सुरू करावी लागते.

आमच्या इमारतीच्या सद्यःस्थितीबद्दल आपले वाचक विचारतील म्हणून सांगतो. डिटेक्टरवरची टोपणे काढली आहेत, हूटरच्या वायरी जोडल्या आहेत आणि नव्या बॅटरीसाठी कमिटीने कोटेशने मागवली आहेत. जानेवारीच्या फॉर्म ‘बी’साठी एजन्सी तीच आहे, कारण तिचा दर सर्वांत कमी आहे. हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडल्यापासून मला ‘संस्थेची बदनामी करणारा सभासद’ म्हणून ओळखले जाते, त्यामुळे सोबत दिलेले नाव व पत्ता कृपया छापू नये.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद