काचेवरची टिकली

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

गॅरेजमध्ये पार्ट आलेला नाही, असं मी तीन आठवडे सांगतेय ते खोटं आहे. सर्व्हिसिंग दुसऱ्याच दिवशी झालं होतं. तुमची गाडी इथे वाकडला आमच्या पार्किंगमध्ये उभी आहे, आणि आता इथेच राहणार आहे. फोनवर सांगायला गेले की बाबा "बरं" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून पत्र.

बाबा, रागावू नका. म्हणजे रागवा, पण पुढचं वाचून. गाडी घासली तेव्हा "खांब दिसलाच नाही बघ" असं तुम्ही हसत सांगितलंत. मला हसू आलं नाही. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते, आणि समोरचं लख्ख दिसत असतं म्हणून गेलेली कळतही नाही. डॉक्टरांकडचा तक्ता तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, मान्य. पण नागनाथ पाराजवळ स्कूटर समोरून येत नाही, कडेने घुसते. लायसन्सचं पाच वर्षांचं नूतनीकरण जूनमध्ये आहे. त्या फॉर्म १-अ वर, म्हणजे डॉक्टरी दाखल्यावर, सही द्यायची की नाही, हे डॉक्टरांवर का टाकायचं? तुमच्या हाताला काही झालेलं नाही. गाडी अजूनही तुमच्याइतकी हळुवार कुणी चालवत नाही.

आता माझी कबुली. दिवाळीत मी पाडव्याला आले नाही, "मीटिंग निघाली" म्हणाले. मी आले होते. पेरूगेटपासून तीन चकरा मारल्या. आपल्या दारासमोर दोन गाड्यांमध्ये जागा होती, चांगली होती, पण मागे रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला आणि माझे हात थिजले. फराळाचा डबा घेऊन तशीच परत गेले. आई, तू त्या दिवशी जेवायला थांबली होतीस, हे मला नंतर कळलं.

वीस वर्षं गाडी चालवतेय आणि मला समांतर पार्किंग येत नव्हतं! याला थोडे तुम्हीच कारण आहात, बाबा. तळजाईवर शिकवलंत तेव्हापासून मी रिव्हर्स टाकला की तुम्ही मागे उभे. डिकीवर थाप आणि "येऊ दे, येऊ दे… बास!" मी आरशात कधी पाहिलंच नाही, तुमचा आवाज ऐकला. लहानपणी चेतकवर पुढे उभी राहून हॉर्न वाजवायचे, तेव्हाही गाडी मीच चालवतेय असं वाटायचं, तसंच.

तर गेले तीन आठवडे मी रोज सकाळी सहाला शिकतेय. सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर दोन बादल्या, त्यांत उभे खराटे. मधलं अंतर तुमच्या टेपने मोजून साडेपाच मीटर, म्हणजे गाडीच्या साधारण दीडपट. आणि आई, तुझ्या राहिलेल्या पाकिटातल्या दोन टिकल्या मी काचेवर लावल्यात. एक मागच्या डाव्या दाराच्या काचेवर. पुढच्या गाडीला दोन-अडीच फूट सोडून समांतर उभं राहायचं, सरळ मागे यायचं आणि तिचा मागचा बंपर टिकलीशी आला की थांबायचं. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. मग फक्त उजवा आरसा, दुसरी टिकली त्यावर आहे. मागच्या गाडीचा फुटपाथकडचा हेडलाइटही दुसऱ्या टिकलीपाशी दिसला, की स्टिअरिंग सरळ. आपला पुढचा डावा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यातून सुटेपर्यंत सरळ मागे, आणि मग पूर्ण उजवीकडे. डावा आरसा जरा खाली वळवून ठेवलाय, त्यात फुटपाथची कड आणि मागचं चाक दिसतं. पहिल्या आठवड्यात खराटे अकरा वेळा पडले. वॉचमनकाका मोजायचे. आता पडत नाहीत.

एक मात्र आहे. या खुणा माझ्या उंचीच्या आणि माझ्या सीटच्या आहेत. सीट दोन बोटं सरकली तरी टिकली भलतीकडे दिसते. परवा यांनी गाडी नेली आणि मी थेट बादलीवर. त्यामुळे ड्रायव्हरच्या सीटला कुणी हात लावायचा नाही. बाबा, तुम्ही पुढे डावीकडे बसायचं, रेडिओ तुमचा.

तुमचं काही अडणार नाही. डोळ्यांच्या तपासणीला मी नेईन. शनिवारी भिकारदास मारुती आणि मंडईही माझ्याकडे. अधेमधे लागलं तर कोपऱ्यावरच्या रिक्षाकाकांशी बोलून ठेवलंय, ते वर येऊन बेल वाजवतील. पैसे मी महिन्याचे देते, त्यावरून वाद नको. विषम तारखेला पी-वन, म्हणजे पार्किंग, आपल्या बाजूला असतं, तेव्हा प्रश्नच नाही. सम तारखेला समोर लावावी लागेल, पण आईला आधी दारात उतरवीन, त्या गुडघ्यांनी रस्ता ओलांडायचा नाही. आणि ३१ नंतर १ म्हणजे सलग दोन दिवस चंगळ, हा तुमचा विनोद मी अजून सगळ्यांना सांगते.

थेंब रात्री नऊला, झोप आली तरी. चुकवायचे नाहीत. आई, बाटलीवर तारीख लिही, उघडल्यापासून महिन्याने फेकायची.

रविवारी अकराला येते. तारीख सम आहे, म्हणजे समोर, त्या दवाखान्यापुढे लावणार. बाबा, खाली यायचं नाही. गॅलरीतून "येऊ दे" म्हटलंत तर चालेल, मी ऐकणार नाही.

तुमची,
माई

ता. क. आई, टिकल्यांचं एक पाकीट आणून ठेव. उन्हात गोंद सुटतो.