सिंधूकाठची वजनं आणि आपला नवटाक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सिंधू संस्कृतीवरचा लेख वाचला. मोहेंजोदारोचं स्नानकुंड, वरून झाकलेली गटारं, लोथलची गोदी, कापसाचं कापड असं बरंच काही त्यात आलं. वजनांच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली: प्रमाणित वजने वापरात होती. मी तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. आठवडे बाजारात दुसऱ्याच्या तराजूची दांडी हातात धरण्यात नोकरी सरली, त्यामुळे ही ओळ जरा टोचली.

ही वजनं म्हणजे चर्ट नावाच्या पट्टेदार, गारेसारख्या कठीण दगडाचे गुळगुळीत घन. सर्वांत लहान वजन ०.८६ ग्रॅमच्या आसपास. मग त्याच्या दुप्पट, चौपट, आठपट, असं करत ६४ पटीपर्यंत. सोळापटीचं, म्हणजे सुमारे १३.७ ग्रॅमचं वजन सगळ्यांत जास्त सापडतं. आकाराने ते बोराएवढं. त्याहून मोठ्या वजनांत १६०, २००, ३२०, ६४० असे दहाचे पट दिसतात. घनांवर आकडा किंवा खूण साधारणपणे नाही. बाजारात बसणाऱ्याला आकारावरूनच कळत असणार.

माझ्या धंद्यातला माणूस इथे थबकतो. बिडाच्या वजनाला बुडाशी भोक असतं. त्यात शिसं भरून वजन जुळवतात आणि त्या शिशावरच आमचा शिक्का बसतो. लबाडी करणाराही तिथेच हात घालतो. चर्टच्या घनाला ही सोय नाही. दगड घासून वजन उतरवता येतं, चढवता येत नाही. एक हात जास्त फिरला की तो घन वाया गेला. तरीही हडप्पापासून गुजरातेतल्या लोथलपर्यंत ही वजनं एकाच पद्धतीत बसतात आणि इ.स.पू. २६०० ते १९०० या काळात ती पद्धत टिकून राहते. आमच्या वेळी एकाच पेठेतल्या दोन दुकानांचा किलो जुळवताना घाम फुटायचा.

दुपटीच्या हिशेबात आणखी एक शहाणपण आहे. १, २, ४, ८, १६ ही पाच वजनं जवळ असली की ३१ पर्यंतचं काहीही तोलता येतं. शिवाय खरंखोटं करायला निरीक्षक लागत नाही. एकाची दोन वजनं एका पारड्यात आणि दोनाचं एक दुसऱ्यात टाका. मग पारडी बदलून पुन्हा बघा, म्हणजे तराजूत पासंग, म्हणजे एका पारड्याकडचा जादा भार, असेल तर तोही उघडा पडतो. हे गिऱ्हाइकालाही जमतं.

आता आपल्याकडचं बघा. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. प्रत्येक माप आधीच्याच्या निम्मं, आणि शेराचे छटाक सोळा. रुपयाचे आणेही सोळाच. १९५६च्या कायद्याने मेट्रिक वजनं आली तरी आमची आजी शेवटपर्यंत चहापूड नवटाकच मागायची. म्हणून हा सगळा वारसा थेट मोहेंजोदारोचा, असं म्हणायचा मोह मलाही होतो. पण छटाक सुमारे ५८ ग्रॅमचा आणि तिकडच्या १३.७ची चौपट होते ५४.८. काटा जुळत नाही. निम्मं-निम्मं करत जाणं कुणालाही स्वतंत्रपणे सुचू शकतं.

काटा जुळल्याचं एक उदाहरण मात्र आहे, आणि ते दाखवणारा आपलाच माणूस. गोव्यात जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे दामोदर कोसंबी यांनी तक्षशिलेच्या चांदीच्या आहत, म्हणजे ठसे मारून केलेल्या, प्राचीन नाण्यांच्या वजनांचा बारकाईने अभ्यास केला. वापरात झिजून नाणं किती हलकं होतं, याचाही हिशेब त्यांनी मांडला. त्या नाण्यांचं प्रमाण मोहेंजोदारोतल्या वजनांच्या एका गटाशी जुळतं, असं त्यांनी दाखवलं. हा गट सुमारे ३.४ ग्रॅमचा, म्हणजे लहानात लहान घनाच्या चौपटीचा. नगरं ओस पडून हजाराहून अधिक वर्षं लोटली होती, तरी बाजाराने माप सोडलं नव्हतं. हे लेखात यायला हवं होतं. बहरीनच्या उत्खननात हीच वजनं सापडली, तेही यायला हवं होतं. समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्याने आपलं वजन स्वीकारावं, याहून मोठी निर्यात ती कोणती?

एक दुरुस्तीही सुचवतो. 'शून्य आणि दशमान पद्धत सिंधू संस्कृतीने जगाला दिली', असं लेखात म्हटलं आहे. वजनांत दहाचे पट आहेत, हे खरं. पण तिथली लिपी अजून वाचता आलेली नाही, आणि शून्याचं चिन्ह तिथे सापडल्याचा काही पुरावा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर हे वाक्य रोज फिरतं, तिथे ते फिरू दे. जे पुराव्यानिशी हातात आहे, त्याला असल्या पासंगाची गरज नाही.

बाकी विटांचं १:२:४ हे प्रमाण लेखात आलं, ते बरं झालं. पण हडप्पाच्या याच पक्क्या विटा १८५०च्या दशकात लाहोर-मुलतान लोहमार्गाखाली भराव म्हणून गेल्या, हे राहिलं. विटा चांगल्या निघाल्या हाच त्यांचा गुन्हा.

एक विनंती. पुढच्या वेळी नर्तकी आणि दाढीवाला पुरोहित यांच्याबरोबर त्या घनांचाही एक फोटो छापावा. जमल्यास शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल.

आपला,
एक निवृत्त वजनमापे निरीक्षक, सातारा