तुझ्या वर्गातल्या बाकाविषयी

कोपरी, ठाणे (पूर्व)

चि. ओंकार यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू वैतागून म्हणालास, की रुग्णसेवा शिकायला आलो आणि पहिल्या सत्रात समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि इंग्रजीच पदरी पडले. त्या वेळी गॅसवर दूध होते, म्हणून मी नुसते "बरं" म्हणून फोन ठेवला. खरे उत्तर सवडीने द्यायचे होते, ते आता लिहिते.

मी 1984 साली जी.एन.एम.ला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, प्रवेश घेतला तेव्हा वर्ग भरायचा तो वॉर्डातल्या कामातून वेळ उरला तर. सकाळी सातला चादरी बदलणे, काचेचे थर्मामीटर झटकून पारा खाली आणणे, दुपारी टेबलाभोवती बसून गॉजचे (जखमेवर बांधायच्या जाळीदार कापडाचे) तुकडे कापणे, घड्या घालणे, ड्रम भरून निर्जंतुकीकरणाला पाठवणे. आणि मग जडावलेल्या डोळ्यांनी शरीररचनेचा तास. दुसऱ्या वर्षी रात्रपाळीला पुरुष सर्जिकल वॉर्डात मी एकटी विद्यार्थिनी होते आणि रुग्ण चाळीसच्या घरात होते. पहाटे एका रुग्णाची लघवी का थांबली आहे हे मला कळले नाही, कारण ते कोणी शिकवलेच नव्हते. मला फक्त टोपलीभर गॉज कापता येत होते. त्या रुग्णालयाला आम्ही विद्यार्थिनी म्हणून नव्हे, बिनपगारी हात म्हणून हव्या होतो.

हे काही माझ्या एकटीच्या नशिबी आले नव्हते. 1871 मध्ये मद्रासच्या सरकारी रुग्णालयात परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हापासून आपल्याकडे शाळा ही रुग्णालयाच्या पोटातच जन्मली आणि तिथेच अडकली. 1891 मध्ये मुंबईत बाई काशीबाई गणपत या प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका, असे आमच्या पुस्तकात एका ओळीत छापले होते. त्या कोण, कुठल्या, घरचे काय म्हणाले, याचा एक शब्द नव्हता. आजही मला त्याची रुखरुख वाटते.

चक्र फिरले ते 1946 मध्ये. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने आपल्या अहवालात परिचर्येचे, म्हणजे नर्सिंगचे, शिक्षण विद्यापीठाच्या पातळीवर नेण्याचा आग्रह धरला आणि त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. पुढल्या वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला, म्हणजे देशभर शिक्षणाचा एक किमान दर्जा ठरवणारी यंत्रणा निर्माण झाली. तरीही पदवीच्या जागा मोजक्याच राहिल्या. माझ्यासारख्या असंख्य मुली पदविकेवरच नोकरीला लागल्या. महाराष्ट्रात 1998 मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि परिचर्या महाविद्यालयांच्या परीक्षा वैद्यकीय महाविद्यालयांच्याच विद्यापीठाखाली आल्या. डॉक्टर ज्या विद्यापीठाचे पदवीधर, त्याच विद्यापीठाचा तू. ही गोष्ट वॉर्डात बोलताना तुझ्या आवाजात आपोआप उतरेल.

परिचर्येला निदान परिषद तरी होती. तंत्रज्ञांचे हाल त्याहून वाईट. 1950 मध्ये कमला निंबकर यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची (ऑक्युपेशनल थेरपीची) शाळा काढली, 1953 मध्ये तिथेच भौतिकोपचाराचे (फिजिओथेरपीचे) शिक्षण सुरू झाले, म्हणजे या दोन विषयांचा पाया आपल्या हाकेच्या अंतरावर घातला गेला. पण क्ष-किरण, डायलिसिस, प्रयोगशाळा यांतल्या तंत्रज्ञांना देशपातळीवरचा कायदा मिळायला 2021 साल उजाडले. तुझ्या ऐरोलीच्या मावसभावाने एका खाजगी संस्थेत दोन वर्षे फी भरून डायलिसिसचे प्रमाणपत्र घेतले, आणि पहिल्याच मुलाखतीत त्याला ते कोणाच्या मान्यतेचे आहे असे विचारले, तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हते. परिचर्येचा 1947 चा कायदाही बाजूला सारून राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग आणणारा कायदा 2023 मध्ये संमत झाला आहे. तो प्रत्यक्षात कसा राबवला जातो, यावर तुझ्या पिढीने लक्ष ठेवावे.

आता समाजशास्त्राकडे येते. मधुमेहाची बाई डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांत साखर वाढवून परत येते, तेव्हा तिने पथ्य का पाळले नाही हे इन्सुलिनच्या बाटलीवर लिहिलेले नसते. घरात सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते ती खाते, हे तिला विचारावे लागते. ते विचारायचे असते हेच मला नोकरीच्या दहाव्या वर्षी समजले. तुला अठराव्या वर्षी समजते आहे, तेव्हा कुरकुर नको. (मुलगा असून नर्सिंगला गेला म्हणून सोसायटीत कुजबुजणाऱ्यांना मी काय ते सांगितले आहे, तू त्यात पडू नकोस.)

एक मात्र ऐक. रुग्णावर केलेल्या प्रत्येक कामाची नोंद करायच्या तुझ्या प्रोसीजरच्या वहीत ज्या दिवशी काम केलेस त्याच दिवशी सही घे. आमच्या वेळी वर्षअखेरीस एका बैठकीत सगळ्या सह्या व्हायच्या, आणि पुरुष रुग्णाला कॅथेटर (लघवीची नळी) घालण्याच्या रकान्यापुढे माझ्या वहीत सही होती. मी ते काम तोवर पाहिलेलेही नव्हते. न केलेल्या कामापुढचा रकाना कोरा ठेव, त्यासाठी बोलणी बसली तरी चालेल.

सेकंदकाट्याचे घड्याळ कुरिअरने पाठवले आहे. मिळाले की कळव.

तुझी,
आई