गिटार राहू दे, माझ्या बेंजोचा पंचम कुठं गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकावर आवाजाचे तुकडे (सॅम्पल) जोडून केलेल्या गाण्यांनी गिटारला देशोधडीला लावलं, असा सूर असलेला लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखकांची तळमळ खरी आहे. पण आमच्या गल्लीतून बघितलं तर गिटारची काळजी करायची पाळी फार उशिरा येते. तिच्या आधी रांगेत बरेच जण उभे आहेत.

मी बेळगावच्या वडगावचा. वडील हातमागावर शहापुरी साडी विणायचे, मी पॉवरलूमवर बसलो. 1984 पासून सुमारे वीस वर्षं रात्री बेंजो वाजवला. गणपती, शिवजयंतीचे चित्ररथ, लग्नाच्या वराती, खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठंही. बेंजो म्हणजे इंग्रजी पिक्चरमधलं चामडं मढवलेलं गोल वाद्य नव्हे. टाइपरायटरसारखी बटणं असलेली आपली लाकडी पेटी, म्हणजे बुलबुलतरंग. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. छेडायला मी डालड्याच्या डब्याच्या झाकणाचा तुकडा कापून वापरायचो, बाजारातल्या पट्टीला ती धार नाही. हे वाद्यही आपलं नव्हेच. 1912 साली जपानमधल्या नागोया शहरात तैशोगोतो म्हणून ते निघालं आणि फिरत फिरत आमच्या हातगाडीवर आलं. त्याला पिकअप (तारांचा आवाज विजेत उतरवणारा तुकडा) बसवला, वर भोंगा बांधला, मागं जनरेटर. तेव्हा विजेवर वाजणाऱ्या वाद्याला मी नावं ठेवणं शोभणार नाही.

गिटारला तरी कुठं शोभतं? 1930च्या दशकात अमेरिकेत नाचाच्या हॉलमध्ये पितळी वाद्यांपुढं तिचा आवाज कुणाला ऐकू येईना, म्हणून तिला लोहचुंबकाचा पिकअप लावला. त्याआधी तिचं काम मागं बसून ताल धरायचं. करंट आला तशी ती पुढं आली आणि दुसऱ्यांना मागं सारलं. आमच्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे यांनी जन्मभर पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवली, शिकवली. त्याच पेटीवर ती परदेशी म्हणून 1940 साली आकाशवाणीनं बंदी घातली होती, ती सैल व्हायला 1971 उजाडलं. आणि त्या पेटीनं सारंगीवाल्यांचं काय केलं ते जाणकारांना विचारा. असो.

लेखकांच्या माहितीसाठी, अमेरिकेत गिटार काही मेलेली नाही. गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीनं 2018 साली दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा सगळ्यांनी गिटारच्या नावानं आंघोळ केली. पुढं 2020 साली लोक लॉकडाऊनमध्ये घरी बसले आणि फेंडर कंपनीची त्या वर्षी विक्रमी विक्री झाली. पण दुकानात गिटार विकली गेली म्हणजे गिटारवाल्याला कुणी वाजवायला बोलावलं, असं होत नाही.

आमच्या ऑर्केस्ट्रात (बेंजोचा हंगाम नसला की मी त्यात खंजिरी धरायचो) बेस गिटार (खालच्या, जाड सुरांची) वाजवणारा कॅम्पातला एक गोवेकर होता. चर्चमध्ये शिकलेला, तालाला पक्का. नवीन कीबोर्ड आला आणि मालकाच्या लक्षात आलं की डाव्या हातानं बेसही वाजतो. पुढच्या गाडीत गोवेकराची जागा नव्हती. मग तालवाद्यांचे आवाज काढणारा विजेचा ऑक्टोपॅड आला आणि काँगोवाला उतरला. शेवटी गाडीच नको झाली, पेन ड्राइव्ह खिशात मावतो. वरातीत स्पीकरच्या मोठमोठ्या भिंती आल्या. कुठल्याही कंपनीचा स्पीकर असला तरी आपल्याकडे त्याला डॉल्बीच म्हणतात! हे सगळं यंत्रानं आपण होऊन केलं असं मला वाटत नाही. मालकाला एक माणूस कमी पाहिजे होता, यंत्र हाताशी होतं. हातमाग गेला तेव्हाही असंच झालं, आणि तेव्हा पॉवरलूमवर मीच बसलो होतो.

उलट काही यंत्रं वाजवणाऱ्यांसाठीच निघाली होती. जपानच्या रोलँड कंपनीनं 1981च्या सुमारास टीबी-303 नावाची छोटी पेटी काढली, एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. ती चालली नाही, लवकरच बंद पडली. पण मुंबईत सिनेमाच्या स्टुडिओत गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 साली हीच पेटी, सोबत टीआर-808 हे तालाचं यंत्र आणि एक सिंथेसायझर घेऊन दहा रागांची रेकॉर्ड केली. तेव्हा कुणी विचारलं नाही. 2010 साली ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक चकित झाले. हा माणूस गिटारवालाच होता, त्याला कुणी विस्थापित केलं म्हणायचं?

आता माझी गोष्ट. दोन-तीन वर्षांपूर्वी ओळखीतला एक पोरगा मोबाईल आणि एक छोटा माईक घेऊन घरी आला. म्हणाला, "काका, एकेक बटण दाबा की, आवाज घेऊन ठेवतो." मी दाबली. अर्ध्या तासात काम झालं. चहा-खारी झाली, माझ्याच घरची. पुढं नात्यातल्या एका लग्नाला निपाणीकडं गेलो होतो. वरातीत कीबोर्डवर एक जण बेंजो वाजवत होता. चालता चालता थांबलो. माझ्या बेंजोचं पंचमाचं बटण जुनं झालंय, दाबलं की तार जरा किरकिरते. तीच किरकिर! आणि गंमत म्हणजे शेजारच्या तीव्र मध्यमाला आणि कोमल धैवतालाही तीच, एकदा जाड, एकदा बारीक. नंतर पोराकडून कळलं की त्यानं प्रत्येक तिसरा सूर तेवढा ठेवला होता. मधले सूर यंत्र शेजारच्या आवाजाला हळू-जोरात पळवून तयार करतं. म्हणजे माझ्या पेटीत दोष एका बटणाला, त्यांच्याकडं तिघांना. आवाज एकाकडून दुसऱ्याकडं करत किती जणांकडं गेला, ते त्यालाही सांगता येईना.

राग आला का? खरं सांगतो, आधी छाती फुगली. बायकोला म्हटलं, ऐक, मी वाजवतोय. मग जेवताना लक्षात आलं की त्या वरातीचे पैसे दुसऱ्यानं घेतले आणि मी आहेराचं पाकीट देऊन आलो.

अमेरिकेत द विन्स्टन्स नावाच्या बँडनं 1969 साली एक गाणं केलं. त्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमवाल्याचा सहा-सात सेकंदांचा तुकडा आहे. तो कापून पुढं हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमनला त्यातून काही मिळालं नाही. 2006 साली तो बेघर अवस्थेत वारला. 2015 साली लोकांनी इंटरनेटवर वर्गणी काढून बँडच्या प्रमुखाला 24,000 पौंड दिले. आपल्याकडं मंडळाची वर्गणी निघते तशीच, पण निदान योग्य दारात गेली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सॅम्पल घ्या, खुशाल घ्या, पण ज्याच्या हाताचा आवाज आहे त्याचं नाव लिहा आणि त्याच्या हातावर काहीतरी ठेवा. शिवजयंतीच्या आणि गणपतीच्या पत्रकांवर देणगीदारांची नावं फोटोसकट असतात, डीजेचं नाव सगळ्यांत मोठं असतं. वाजवणाऱ्यांच्या नावांना एक ओळ द्यायला शाई किती लागते? मंडळांच्या बैठकीत कुणी हा विषय काढला तर मी येऊन बोलायला तयार आहे.

त्या पोराला मी पुन्हा बोलावलंय. या वेळी सगळी बटणं घे म्हटलं, मधली गाळायची नाहीत. "वेळ लागंल की काका," म्हणाला. लागू दे. पंचमाचं बटण मी दुरुस्त करणार नाही, तेही सांगितलंय. आणि पैशाचं या वेळी चहाच्या आधी बोलणार आहे.

आपला,
एक जुना बेंजोवाला,
वडगाव, बेळगाव