ऋषीची भाजी बर्लिनमध्ये होईल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काकांनी यंदा गणपतीचं सगळं अंगावर घेतलं, बाबांनी पासपोर्ट शोधून ठेवला, आणि आता तुमच्या इथे बर्लिनला येण्याचं घोडं अडलंय ते ऋषीपंचमीवर. आई, तू काकूला म्हणालीस म्हणे, "सप्टेंबरात तिकडे गेले तर ऋषीची भाजी कशाची करू? नुसत्या बटाट्याची?" फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. भाज्यांची नावं आली की जरा सावकाश.

बर्लिनमध्ये आपली दुकानं आहेत. डाळी, पोहे, हिंग, साबुदाणा, फ्रीजरमधलं सुरण, सगळं तिथे मिळतं. पण ताज्या पाल्यासाठी मी व्हिएतनामी लोकांच्या बाजारात जाते. शहराच्या पूर्वेला लिश्टेनबर्ग भागात दोंग सुआन सेंटर म्हणून आहे, हनोईच्या जुन्या बाजाराचं नाव दिलेलं. आमच्या घराजवळून जाणारी एम ८ ट्राम थेट तिथे पोचते. गोदामासारख्या लांबच लांब शेड, आत कपडे, भांडी, खोटी फुलं, केस कापायची दुकानं, आणि त्यांच्यामध्ये मोठी सुपरमार्केटं. दारातून आत शिरलं की सुक्या मासळीचा वास येतो. आई, तुला तो वास ओळखीचा वाटेल. पिशव्यांमध्ये सुका जवळा आणि सोडे टांगलेले असतात.

बाबा, हे लोक इथे कसे आले ते तुम्हाला आवडेल. पूर्व जर्मनीने १९८० मध्ये व्हिएतनामशी करार करून तिथून कामगार आणले. कापडाच्या नि यंत्रांच्या कारखान्यांत ते ठरावीक वर्षांच्या बोलीवर राबत. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली तेव्हा असे साधारण ६०,००० जण या देशात होते. मग कारखानेच बंद पडले आणि हातचं काम गेलं. बरेच परतले. जे राहिले त्यांनी फुलं विकली, भाजी विकली, छोटी दुकानं टाकली. हा बाजार ज्या जागेवर उभा आहे तिथेही पूर्वी सरकारी कारखानाच होता. मी नेहमी जाते त्या दुकानातल्या बाई त्याच पिढीतल्या. त्यांचं जर्मन तुटक आहे, माझंही फार बरं नाही, पण भाजी निवडताना आमचं अडत नाही. पाल्याची जुडी मी उलटी करून देठ बघते तेव्हा त्या मान हलवतात. देठ बघून भाजी घेणारी बाई त्यांना पसंत आहे.

आता ऋषीची भाजी. लाल माठ तिथे हमखास असतो, व्हिएतनामी लोक त्याचं पातळ सूप करतात. घोसाळं तर ढिगाने. चवळीच्या शेंगा हातभर लांबीच्या. भेंडी मिळते. अळूच्या जातीतले जाडजूड देठ वेगळे विकायला असतात. सोलले की आतून स्पंजासारखे, आंबट रश्श्यात छान रस पितात. कोहळा कापून फोडीच्या भावाने. लाल भोपळा नि मक्याची कणसं सप्टेंबरात जर्मन बाजारातच भरपूर, त्यासाठी लांब जायला नको. शिराळं कधी असतं, कधी नसतं. पडवळ मला अजून दिसलेलं नाही आणि आंबाडे नाहीत. आंबटपणाला थायलंडची चिंच वापरू, वड्या असतात, बिया काढलेल्या. फ्रीजरमध्ये किसलेलं कोनफळ असतं, फिलिपिन्सहून येतं. ते लोक त्याची गोड खीर आणि आइस्क्रीम करतात. शेवग्याचा पालाही त्याच कप्प्यात. तुझी कंदमुळं तेवढ्यावर भागतील असं मला वाटतं.

ऋषीच्या भाजीत बैलाच्या कष्टाने पिकलेलं नको, हे मी विसरलेले नाही. इथल्या शेतात बैल नाहीतच, सगळं ट्रॅक्टरवर, तेव्हा नियमाच्या अक्षराला बाध येत नाही. पण तू म्हणशील की शास्त्र त्याहून वेगळं आहे, परसात आपल्या हाताने लावलेलं हवं. मलाही तसंच वाटतं. म्हणून त्या दुकानातून अळकुड्या आणून थंडी सरल्यावर बाल्कनीतल्या मोठ्या कुंड्यांत लावल्या. आता पानं तळहाताहून मोठी झाली आहेत. दुसऱ्या कुंडीत लाल माठ पेरलाय. इथला उन्हाळा लहान असला तरी दिवस लांब असतो, रात्री नऊपर्यंत उजेड, झाडं भराभर वाढतात. म्हणजे अळू आणि माठ घरचे, बाकीचं बाजाराचं.

मोदकाचं पीठ आणू नकोस. थायलंडचं तांदळाचं पीठ मिळतं, पाकिटावर तीन तोंडांचा हत्ती असतो. लाल छपाईचं पाकीट साध्या तांदळाचं, हिरव्या छपाईचं चिकट तांदळाचं. तांदूळ भिजवून, ओले दळून, मग सुकवून केलेलं असतं, त्यामुळे मऊसूत. उकड काढताना लालमध्ये थोडं हिरवं मिसळलं की पारी फाटत नाही, कळ्या बारीक पडतात. आंबेमोहराचा वास मात्र त्याला नाही, ते मान्य. ओलं खोबरं किसलेलं, गोठवलेलं मिळतं. नारळही मिळतो, पण फोडल्याशिवाय आतलं कळत नाही.

आणि तिरफळं! चिनी मसाल्यांच्या फळीवर सिचुआन मिरी म्हणून लालसर टरफलं असतात. पाकीट उघडून हुंगलं नि मी तिथेच थांबले. ती तिरफळाचीच भावंडं, एकाच कुळातली. तीसुद्धा काळी बी टाकून नुसती साल वापरतात, आणि जीभ तशीच मुरडते. वास लिंबाकडे झुकणारा, आपल्या तिरफळाचा रानटी दर्प त्याला नाही. बांगडे गोठवलेले मिळतात, आपल्याकडच्याच जातीचे. जर्मन दुकानातला बांगडा दुसरा, अंगाने तेलकट, तुमच्या तिखल्याला तो चालणार नाही. तेव्हा आई, तिरफळं मात्र घेऊन ये, एक डबीभर. बांगड्याचं तिखलं इथे तुझ्या हातचं खायचं आहे मला, पंचमी झाल्यावर.

उपासाच्या आणि संकष्टीच्या दिवसांचीही काळजी नको. बाहेरून आलेल्या प्रत्येक पाकिटावर जर्मन भाषेतली पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असते. युरोपच्या कायद्याप्रमाणे अ‍ॅलर्जी होऊ शकणारे १४ पदार्थ त्यात ठळक छापावे लागतात. मासे, कोळंबी-खेकडे आणि कालवं त्यात आली. थाई आमटीच्या तयार वाटणात बहुतेक वेळा कोळंबी असते, ऑयस्टर सॉसमध्ये कालवं. मी चिठ्ठी वाचल्याशिवाय काही घेत नाही.

बाबा, ही चिठ्ठी तुमच्यासाठीही आहे, मिठाचा आकडा तिच्यावर असतो. तुम्हाला नूडल्स आवडतात, मी करून घालणार आहे, पण सोया सॉस मोजून. त्याच्या एका मोठ्या चमच्यात २ ग्रॅमहून जास्त मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. आलं, लसूण, चिंच, वरून तीळ, एवढ्यावरही चव येते. करून बघितलंय.

बाजाराच्या शेड लांब आहेत, तेव्हा गुडघे दुखत असतील त्या दिवशी तिथे जायचंच नाही. कांटश्ट्रास नावाच्या रस्त्यावर आटोपशीर आशियाई सुपरमार्केट आहे, तिथे पाला कमी, पण बाकी सगळं आहे.

बॅगेत तूप, पेढे, खवा काही भरू नका. बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ इथे आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. इथलं लोणी चांगलं आहे, मी तूप कढवून ठेवते. ताजी फळं, भाज्या, अळूची पानंही नकोत. नारळाला मनाई नाही, पण ओझं कशाला! आमसुलं, तिरफळं, मालवणी मसाला आणि बाबांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, एवढंच घ्या. आमसुलं जरा जास्त. ती मला इथे कुठल्याच फळीवर सापडलेली नाहीत आणि सोलकढीला दुसरं काही चालत नाही.

व्हिसासाठी निमंत्रणाचं पत्र मी इथल्या कचेरीतून करून घेते. प्रवासाचा विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, तो मी इथूनच भरते. बाबा, पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो दोघांचेही पाठवा, आणि मुदत कधी संपते ते आधी बघा. आई, तू फक्त ऋषीच्या भाजीत आणखी काय घालतेस ते सांग. माझ्याकडून काही राहिलं असेल तर या शनिवारी बाजारात शोधते.

तुमची,
मनू